खंडेनवमीला बदललेला पाटा

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांत मी एका मालकाच्या मुरबाड-कल्याण सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे उतारूंच्या गाडीवर, ड्रायव्हर होतो. गाडीच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे. तरी माझ्या हातून जी चूक झाली ती नवशिक्यानेही केली नसती, आणि ती मी सगळं नीट कळत असताना केली.

त्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणजे वर्षातला गाडी बंद ठेवायचा दिवस. सकाळी मी जॅक, पाने, हातोडा, पक्कड असं सगळं रॉकेलने धुऊन घरी आणलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. दोन दिवस तिचा घसा दुखत होता आणि आम्ही हळदीच्या दुधावर भागवत होतो. त्या दिवशी सकाळीच तिचा श्वास घरघरायला लागला. गावच्या डॉक्टरांनी चमच्याच्या दांडीने जीभ दाबून आत पाहिलं आणि घटसर्प म्हणाले. "कल्याणला इंजेक्शन मिळेल. मोटार तुमच्याच हातात आहे ना? मग इथे उभे काय राहिलात?"

घरी येऊन वाटेत लागतील म्हणून मी पाने उचलायला वाकलो, तर आई देव्हाऱ्यासमोर आडवी आली. "आज हत्यार हलवू नको रे! पोरीवर आधीच संकट हाय, वर देवाचा कोप कशाला?" आईला मी दोष देत नाही. तिला बाजूला सारायला कितीसा वेळ लागला असता? भीती मलाच वाटली. मी हात मागे घेतला आणि तसाच निघालो. बायको पोरीला मांडीवर घेऊन शेजारी बसली.

गोवेलीच्या अलीकडे उतारावर पुढून कडाड् आवाज झाला आणि स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं. उतरून पाहिलं. डाव्या चाकावरच्या स्प्रिंगचा सगळ्यात वरचा, मुख्य पाटा टोकाशी तुटला होता आणि चाक मागे सरकून मडगार्डला घासत होतं. बदली पाटा सीटखाली होता. लढाईमुळे नवा मिळत नसे, म्हणून जुनाच जपून ठेवला होता, आणि एवढं लांब लोखंड देवापुढे मावलं नसतं म्हणून तो गाडीतच राहिला होता. पाटा गाडीत आणि पाने देव्हाऱ्यात! मी भर रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

"बैलगाडी बघायची का वो?" बायको म्हणाली. "तिला दम घेता येईना."

दुसरी मोटार येण्याची आशा नव्हती, त्या दिवशी सगळ्याच पूजेला उभ्या होत्या. पण बैलगाडी मिळाली असती. मी म्हणालो, "बैलगाडीनं दिवस जाईल. तासात बदलतो मी." ही माझी दुसरी चूक. ती मला अजून झोपू देत नाही.

बांधावरून धावत मी जवळच्या वाडीतल्या लोहाराकडे गेलो. भाता थंड होता आणि ऐरणीवर झेंडूची माळ होती. "आज नाय उचलायचं ड्रायव्हर," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत हाय ना?"

"माझी पोर मरतेय नि तुला पूजा सुचते!" मी ओरडलो. हे ओरडणारा मी कोण होतो?  त्याने ऐरणीला डोकं टेकवलं, माळ बाजूला ठेवली आणि हातोडा न् छिन्नी घेऊन उठला. "चला. देवाचं मी बघीन." स्वतःच्या पोरीसाठी जे मला जमलं नव्हतं, ते त्याने परक्या पोरीसाठी केलं.

वाडीतली चार माणसंही आमच्या मागे धावत आली. त्यांनी मोठा वासा पुढच्या आसाखाली घालून, दगडाच्या आधाराने गाडीचं तोंड उचललं आणि खाली धोंडे रचले. पान्याशिवाय नट हलेनात. लोहार नटाच्या कोपऱ्यावर छिन्नी धरून ठोके देत एकेक नट फिरवत होता. तुटका पाटा निघाला, पण बदली पाट्याचा बाक उतरून तो सपाट झाला होता, भोकं जुळेनात. तासाचे दोन झाले. चौघांनी वाशावर अंग टाकलं तेव्हा कुठे बोल्ट आत गेला. मी देवाला शिव्या घातल्या, मालकाला घातल्या, स्वतःला तर किती. गाडीतून पोरीची घरघर ऐकू येत होती, आणि ती येत होती तोवर मला धीर होता. शेवटी नट पिळायला घेतले तेव्हा घणघणाटात काहीच ऐकू येईना.

गाडी सुरू केली आणि मी ती पिटाळायला लागलो.

"सावकाश हाका," बायको म्हणाली.

"आता सावकाश?"

"पाटा जुना हाय. सावकाश हाका."

पोरीच्या तोंडावर तिने पदर घेतला होता. धुळीसाठी असेल, असं मला वाटलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी पदर बाजूला केला, मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "हिला जाऊन तास होऊन गेला," ते म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. तिने पोरीला अजून तसंच छातीशी धरलं होतं, मान पडू नये म्हणून हाताचा आधार देऊन.

"कधी गो?"

"तुमी नट पिळत होता तवा."

"मग बोलली का नायस?"

"मला काय कळतंय, म्हटलं. डॉक्टर बघतील. तवर ती हायच."