दुसऱ्या थांब्यावरचे वडील

मारुंजीत सगुणाबाईंच्या वरच्या खोलीत हेमलता चार वर्षं भाड्यानं राहत होती, तरी ती नेमकं काय काम करते हे सगुणाबाईंना उमगलं नव्हतं. पोरगी कुठं जात नाही, कुणी येत नाही, दिवसभर लॅपटॉपवर टकटक चालते. एकदा त्यांनी सरळ विचारलं. मोठ्या साहेबांच्या नावानं त्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी लिहिते आणि ते त्या इंटरनेटवर टाकतात, असं हेमलतानं सांगितलं. सगुणाबाई म्हणाल्या, "आन् त्येंचं हात मोडल्यात व्हय?"

हात धडधाकट होते, गोष्टी नव्हत्या. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या या मंडळींना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की कंपनीची कोरडी जाहिरात आता कुणी वाचत नाही. आधी आईचा डबा, वडिलांची सायकल असं काहीतरी घरचं लिहायचं आणि लोक हळवे झाले की हळूच धंद्यावर यायचं. पण त्यासाठी आयुष्यात काही घडलेलं हवं ना! बऱ्याच जणांचं सगळं सुखात गेलेलं, त्याला बिचारे काय करणार? मग ते म्हणायचे, मॅडम, तुम्हीच घाला काहीतरी. हेमलता घालायची. ऐकलेलं, वाचलेलं, शेजारणीचं. फक्त आपल्या घरचं तिनं कधी कुणाला दिलं नव्हतं.

ते एकदाच दिलं, शरदचंद्रांना. त्यांची कंपन्यांना नोकरदार मिळवून देणारी संस्था होती. माणूस सज्जन, पण पसंत काही पडेना. वडिलांवर काहीतरी हवं होतं आणि तेही दुपारपर्यंत. तीन मजकूर परत आल्यावर हेमलता वैतागली आणि तिनं अहमदपूरचा तो दिवस लिहून टाकला.

तिचे वडील एकनाथराव वाचनालयात पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या कामावर होते. दम्याचा माणूस, त्यांना पळताना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. लेक पुण्याला शिकायला निघाली तेव्हा त्यांनी तिला स्टँडवर एसटीत बसवलं, पोचलीस की फोन कर एवढंच म्हणाले आणि वळून चालू लागले. गाडी बाजाराला वळसा घालून नाक्यावरच्या दुसऱ्या थांब्यावर आली, तर हे तिथं हजर. गल्लीबोळांतून पळत आलेले, छाती धपापतेय, एका पायात चप्पल नाही, आणि डोळे एकेक खिडकी शोधतायत.

पोस्टमध्ये मुलगा खिडकीतून हात हलवतो. खरं तसं झालं नव्हतं. गाडीतली कॉलेजची पोरं त्या एका चपलेच्या माणसाला हसायला लागली, आणि एकोणीस वर्षांच्या हेमलतानं लाजेनं काचेला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. गाडी हलेपर्यंत उघडले नाहीत. हे शरदचंद्रांच्या पोस्टमध्ये कसं बसणार? त्यांना शेवटी 'योग्य माणसाला दुसरी संधी द्या' असं म्हणायचं होतं.

पोस्ट तुफान चालली. शरदचंद्रांच्या नाव-फोटोसकट व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरली. हेमलताला त्या दिवशी जेवण गेलं नाही. डोळे मिटल्याचं बाबांना एकदा सांगून टाकायचं, हे तिनं पंधरा वर्षं मनात ठेवलं होतं. आता तर सांगायलाच हवं होतं. पण फोनवर जीभ रेटेना, दिवाळीला गेले की सांगेन म्हणत ती राहिली. ऑगस्टात एका सकाळी चहा पिता पिता एकनाथराव गेले.

तेरावं करून ती मारुंजीला परतली. जे त्यांना सांगायचं राहिलं ते निदान कुठंतरी कबूल करावं, म्हणून तिनं ती गोष्ट स्वतःच्या नावानं लिहिली. या वेळी जशी घडली तशी, मिटलेल्या डोळ्यांसकट. कुणाला काही विकायचं नव्हतं. तासाभरात खाली कमेंट सुरू झाल्या, की ही तर शरदचंद्र सरांची गोष्ट. एकानं शोध लावला, चोरी कळू नये म्हणून शेवट तेवढा बदललाय. एका बाईनं लिहिलं, वडिलांच्या नावावर तरी खोटं बोलू नये.

मग शरदचंद्रांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. अडखळत म्हणाले, वडील गेल्याचं वाचलं, फार वाईट वाटलं, पण पोस्ट काढता का? त्यांनी ती गोष्ट दोन कॉलेजांत भाषणात सांगितली होती, घरी मुलांनाही सांगितली होती. "खरं सांगू मॅडम," ते म्हणाले, "मला आता तिथं माझेच वडील उभे दिसतात." कुणासाठी काय लिहिलं हे बोलायचं नाही, असं हेमलतानं सही करून दिलेलं होतं. तिनं पोस्ट काढली.

पोरीचा चेहरा बघून सगुणाबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवला. पण समजूत घालणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "आमी जमिनी इकल्या," ती म्हणाली, "पर जुन्या उताऱ्यावर आमचं नाव तरी सापडतंय. तुझं तेबी न्हाई ऱ्हायलं गं."

संध्याकाळी आईचा फोन आला. बाबांचा मोबाईल तिनं चार्ज केला होता आणि त्यात त्यांनी जपून ठेवलेलं काहीतरी तिला सापडलं होतं. कुण्या शरदचंद्र साहेबाचं. ते वाचून बाबा खूप रडले होते, आणि मीपण असाच नाक्यावर पळत गेलो होतो, हे त्यांनी त्या दिवशी आईला पहिल्यांदा सांगितलं होतं.

"म्हणले, त्या साहेबाच्या बापाचं नशीब थोर, पोरानं बघितलं, हात केला," आई सांगत होती. "आपली हेमा तर झोपली होती म्हणले. दमली असंल लेकरू." मग तिनं विचारलं, "झोपलीच होतीस ना गं तू?"

"हो आई," हेमलता म्हणाली. "झोप लागली होती."