सावडीचा रकाना

गणित शिकवताना मी मुलांना एक सवय लावत असे: उत्तर काढण्यापूर्वी गणितात काय दिलेले आहे आणि काय दिलेले नाही, हे दोन ओळींत लिहायचे. निवृत्तीनंतर चिखलोलीच्या घरात बसून थोरल्या भावाच्या भातशेतीचे संगणकीय प्रतिरूप तयार केले, तेव्हा दुसरी ओळ मी लिहिली नाही.

प्रतिरूप म्हणजे काय, तेही सांगतो. रोपांचे वय, खाचरातले पाणी आणि पुढच्या आठवड्याचा पावसाचा अंदाज एवढे भरले, की कोणत्या दिवशी काम केले तर शेताचे काय होईल, हे संगणक आकड्यांत मांडून दाखवतो. दोन हंगाम त्याने खताचे दिवस अचूक सांगितले. बदलापूरपलीकडच्या आमच्या गावात दादा मिरवू लागला, "आमच्या मास्तरला विचारल्याबिगर मी खत पन टाकत नाय."

तिसऱ्या वर्षी लावणीचा प्रश्न आला. गावात ती सावडीने होते: आज सगळ्यांनी मिळून एकाचे शेत लावायचे, उद्या दुसऱ्याचे, मजुरी नाही. दादाची पाळी मंगळवारी होती. प्रतिरूपाच्या मते बुधवारच्या मोठ्या पावसात कोवळी लावणी टिकणार नव्हती. पाच दिवस थांबणे योग्य होते. मी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मानसं उद्याची ठरलीत. त्यांना काय सांगायचं?"

"रोपे लहान आहेत म्हणा. पावसाचे बोलू नका. अंदाज चुकला तर हसे होईल."

दादाने तसेच सांगितले. मंगळवारी शेजाऱ्याचे शेत लावले गेले.

पाऊस बुधवारीच आला. शेजाऱ्याची रोपे पाण्यावर तरंगली. खोटे कशाला सांगू, अंदाज बरोबर आला म्हणून मला समाधान वाटले. मग सारी सावड पुन्हा त्याच खाचरात उतरली, पुढच्या पाळ्या लांबल्या आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतून रजा काढून आलेले कामावर परतले. आपल्या लावणीला या म्हणत दादा घरोघर फिरला. तोपर्यंत त्याने पाळी पुढे ढकलल्याचे खरे कारण गावभर झाले होते.

"ठाव होतं, तर आमचं कशाला लावू दिलंत?" शेजारी म्हणाला. मागून कुणीतरी हसले, "काका, तुमचा कॉम्पुटर उतरवा की चिखलात!"

दादाचे निम्मे शेत रिकामे राहिले. पुढच्या वर्षी पाळ्या ठरवताना त्याला बोलावणे आले नाही. तरीही दोन पावसाळे तो न बोलावता इतरांच्या लावणीला गेला, कडेची ओळ धरून वाकून लावत राहिला. लोक चहा देत, गुडघ्यांची चौकशी करत. "तुमची कधी?" एवढे मात्र कुणी विचारत नसे. घरच्या शेतात दोघे नवरा-बायको जमेल तेवढे लावत. उरलेली रोपे वाफ्यातच जून होत. मी प्रतिरूपात सावडीच्या माणसांसाठी नवा रकाना घातला. त्यात भरायला माझ्याकडे शून्याखेरीज काही नव्हते.

यंदा मे महिन्यात दादाचा फोन आला.

"मास्तर, एक काढून दे. दोन मानसं, दोघंपन सत्तरीपुढची. आठ दिसांत किती लावतील?"

संगणक लावला नाही. कागदावर हिशेब केला. "विहिरीजवळचे एक खाचर," मी म्हणालो.

"बरं."

फोन त्याने बंद केला नव्हता. तो वहिनींना सांगत होता, त्या एका खाचरापुरतं बियाणं वेगळं काढ, बाकीचं उद्या गिरणीत देऊ.