झाकणाखालची कडी

औषधाची बाटली पिशवीत घेऊन मी पिपरी मेघेच्या वळणावर सायकलवरून उतरलो आणि माईच्या दारासमोर चपलांचा ढीग दिसला... दुकानात जाऊन यायला मला फार वेळ लागला नव्हता, पण भाऊजींनी तेवढ्यात जाणं उरकून घेतलं. माई माझी थोरली बहीण आणि भाऊजी, म्हणजे वसंतराव, तिचे यजमान. आमचं नातं मात्र मेहुण्या-भाऊजींचं कमी आणि एका टिनाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं भांडलेल्या दोन भागीदारांचं जास्त. आदल्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी पहिली बाटली उघडायला घेतली, तर अंथरुणातून हात वर करून म्हणाले, "थांब, साळेबुवा. माह्या कानापाशी आन." मी बाटली कानाशी धरून झाकण पिळलं. कट्कट् आवाज झाला. "तुटली?" "तुटली, भाऊजी." "सारी?" "सारी. कडी बाटलीच्या गळ्यात राह्यली." "मंग दे आता." त्यानंतरच त्यांनी औषध घेतलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. औषधाच्या बाटलीचं अॅल्युमिनियमचं झाकण पिळलं की खालची कडी सुटते आणि गळ्यात राहते. कडी शाबूत, तर बाटली कोणी उघडलेली नाही, असा त्याचा अर्थ. ही कडी झाकणाला बारीक टाक्यांनी धरलेली असते. बाकी सगळीकडे काप आणि मध्ये मध्ये न कापलेले टाके. टाका जाड राहिला तर झाकण उघडता उघडत नाही, बारीक झाला तर कडी रस्त्यातच गळते. हे झाकण आम्ही आणीबाणीच्या आगेमागे वर्ध्यात करायला लागलो, तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. भाऊजींचं घर गिरडकडचं, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारं. त्या घरातला पोरगा बाटल्यांची बुचं करतो, हे सांगायलाही त्यांच्या काकांना लाज वाटायची. भाऊजींना कधीच वाटली नाही. ते पाहुण्याला चहाआधी झाकण दाखवायचे.

पत्र्याची वाटी प्रेसवर निघायची. मग एका मशीनवर हाताला पकड मिळावी म्हणून तिच्यावर रेघा पडायच्या आणि दुसऱ्या मशीनवर आमच्याकडे कामाला असलेल्या कौसल्याबाई आणि त्यांच्या सोबतिणी काप घ्यायच्या. एकीकडून दुसरीकडे टोपल्यांतून नेताना वाट्या चेपायच्या, दुसऱ्यांदा चढवताना वाकड्या बसायच्या, आणि निम्मा दिवस वाकडी झाकणं निवडण्यात जायचा. भाऊजींनी ठरवलं, झाकण एकदाच चढवायचं आणि रेघा नि काप एकदमच घ्यायचे. हे ऐकून कौसल्याबाई तडक त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दोन मशीनचं काम एक करून राह्यले तुमी. मंग आमी काऊन याचं उद्यापासून?" भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला. "कोनी घरी जानार नाई, बाई. माहा शब्द हाये." मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, शब्द देण्याआधी मशीन तरी चालू द्या. तर म्हणाले, "तू ऑर्डर सांभाळ."

मशीन चाललं. इतकं देखणं झाकण आम्ही कधी केलं नव्हतं. मी स्वतः पोती घेऊन नागपूरला गेलो होतो, आमचं बहुतेक सगळं झाकण घेणाऱ्या औषध कंपनीत. बाटल्या भरायला लागल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत कड्या गळायला लागल्या. टेबलाखाली चकाकणाऱ्या कड्यांचा सडा. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे झाकन बंद हाये का उघडं, हेच समजत नाही. आता एक मौका देतो, बस." पोती परत आली. कौसल्याबाई जुन्या मशीनवरची धूळ पुसून तिथे जाऊन बसल्या. त्याचाच भाऊजींना जास्त त्रास झाला. पुढची खेप फसली तर शेडला कुलूप, आणि त्यांचा शब्द पाण्यात.

कारण आम्हाला कळलं होतं, उपाय सुचत नव्हता. रेघा उठायला झाकण दोनतीनदा फिरावं लागे, आणि दुसऱ्या फेऱ्यात काप घेणारी पाती थोडी सरकून टाक्यावरच पडे. अशात डवरणीसाठी थोरल्या भावाचा निरोप आला आणि भाऊजी मलाही गिरडला ओढून घेऊन गेले. आमच्याकडे कपाशी, म्हणजे पऱ्हाटी, चौफुलीवर लावतात. दोरीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि जिथे फुली पडेल तिथे बी टोबायचं, म्हणजे मधलं तण काढायला डवरा उभाही फिरतो आणि आडवाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून आम्ही भाकर खात होतो. भाऊजींचा घास हातातच राहिला. "साळेबुवा, हा डवरा कितीबी खेपा घातल्या तरी पऱ्हाटी काऊन कापत नाई?"

"बैल शहाने आहेत तुमच्या भावाचे," मी म्हटलं.

"अबे, दोरीचं माप अन् डवऱ्याचं माप एकच हाये! आपलं झाकन मोकाट फिरून राह्यलं. पातीचं अन् त्याचं माप आपन बांधलंच नाई." भाकर तशीच ठेवून ते एसटीला निघाले. भावाने मागून शिव्या घातल्या, त्या मी ऐकल्या.

पातीचं चाक आणि झाकण एकाच घेराचं केलं, दोघांखाली सारख्या दातांची चाकं बसवून त्यांना एकमेकांत अडकवलं. आता झाकण कितीही फिरो, काप कापावर आणि टाका टाक्यावर. वर उठणाऱ्या रेघाच झाकणाला घट्ट धरून ठेवायच्या, त्यामुळे ते घसरतही नव्हतं. दोन कामं एक केल्याचा खरा फायदा हाच होता आणि तो भाऊजींना पहिल्यापासून दिसत होता, हे मी आज मोठ्याने कबूल करतो. ते असताना कधी केलं नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते. नागपूरला एकही कडी गळली नाही. आणि कौसल्याबाईंना त्यांनी नवं काम दिलं: प्रत्येक टोपलीतली काही झाकणं बाटलीवर बसवायची, कानाशी धरायची आणि तोडायची. "मशीन कापते, बाई. बरोबर तुटलं का, हे आयकाले मानूसच पायजे." शेडमध्ये दिवसभर कट्कट् चालायचं. पोत्यांनी झाकणं तोडली असतील त्या बायकांनी, आणि त्यांच्यातली एकही घरी बसली नाही. मला या माणसाचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

परवा कौसल्याबाई माईला भेटायला आल्या. खोलीत खिडकीपाशी मी त्या दिवशी आणलेली बाटली होती, भाऊजींच्या चष्म्याशेजारी. बाईंनी ती सवयीने उचलली, रेघांवरून अंगठा फिरवला. "आपलंच हाये," म्हणाल्या. मग बाटली कानाशी नेली, झाकणावर बोटं आवळली... आणि तशाच थांबल्या. माई दारात चहा घेऊन उभी होती.

"राहू द्या हे," बाई म्हणाल्या. "वसंतभाऊनं आयकलं नाई अजून."

त्यांनी बाटली चष्म्याशेजारी परत ठेवली. कडी शाबूत आहे.