ओल्या कातळावरची अंडी

मला अक्काचा हेवा वाटायचा. पायथ्याच्या गावातली, ओढ्यात खेकडे धरणारी बाई. तिचा हेवा! कबूल करायलाच इतके दिवस गेले.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या माथ्यावर खडीची खाण येऊ घातली होती. तिथल्या झऱ्यावर एक दुर्मीळ बेडूक आहे. तो अंडी पाण्यात घालत नाही. पाझरत्या कातळावर, दगडाच्या आडोशाला चिकटवतो. पिल्लं शेपटी असतानाच ओल्या कातळावर सरपटत शेवाळ खातात. पाझर गेला की सगळं संपलं. बेडकाची वीण तिथंच होते, एवढं वनखात्याला दाखवता आलं तर झरा खाणीतून वगळणार होते.

पत्रकं मी लिहिली, आठवडी बाजारात मी वाटली. आणि वनखात्याच्या पाहणीला वाट दाखवायला बोलावलं कुणाला? अक्काला. ती नुसत्या आवाजावरून बेडकाची जागा सांगायची. एकदा मला सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, तुना कागदले पाय नहीत. डोंगर चढाले पाय लागतस." सगळे हसले. मीही हसलो, दात आवळून.

पाहणीच्या दोन दिवस आधी मी एकटाच वर गेलो. अंडी आधी मलाच सापडायला हवी होती. सापडली. फोटो काढला आणि धावत उतरलो. अक्काच्या गावात खेकड्यासाठी उचललेला दगड होता तसाच परत बसवतात; लहान पोरंही चुकत नाहीत. अंडी शोधताना उचललेले सात-आठ दगड मी घाईत उलटेच टाकून आलो. नेमकं दोन्ही दिवस कडक ऊन पडलं.

पाहणीला अंडी वाळून कातळाला चिकटलेली. वनखात्याचे साहेब भडकले. "हे खेकडेवाल्यांचंच काम. गावाची वाट बंद करतो."

अक्का वाकून दगड बघत होती. "आमना मानूस असा दगड टाकत नही, साहेब."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग ती एकेक दगड होता तसा परत बसवताना दिसली.

"दगड मी उलटवले," मी म्हणालो, आणि फोटो पुढे केला.

अक्कानं माझ्याकडे पाहिलंही नाही. झऱ्याची धार ओलांडून पलीकडे गेली आणि साहेबांना हाक मारली. तिथं ओल्या कातळावर पिल्लं सरपटत होती.

झरा वगळला गेला. पाहणीच्या कागदावर आमची दोघांचीही नावं आहेत: वीण दाखवणारी ती, नासधूस करणारा मी. माझ्या नावाखाली मी सही केली. तिचं नाव वर आहे, आणि ते मला अजून सलतं.