चाळिसाव्याचा व्हिडिओ

रुसाना दोब्रेवाच्या पिशवीत दोन फोन असायचे. एक तिचा स्वतःचा आणि एक कचेरीचा. कचेरीच्या फोनला तिने भडक केशरी कव्हर घातलं होतं, चुकूनसुद्धा भलत्या फोनवर हात पडू नये म्हणून. केशरी फोनवर लेकीसुनेशी बोलायचं नाही आणि आपल्या फोनवर कामातल्या कुणाचं नाव ठेवायचं नाही, हा तिचा नेम होता. कचेरीतली तरुण पोरं हसायची. रुसाना म्हणायची, हसा बापडे, एकदा हात पोळला म्हणजे कळेल. शेवटी हात पोळला तो तिचाच, आणि तोही या केशरी फोनने.

समाजसेवा कचेरीत तिची अठ्ठावीस वर्षं झाली होती. डॅन्यूब नदीकाठची अकरा गावं तिच्याकडे, आणि त्या गावांत राहिलीत कोण, तर म्हातारी माणसं, मांजरं आणि कुलपं. पोरं जर्मनीत, सुना इटलीत. राजधानीतल्या साहेबांनी एक दिवस टॅब्लेट पाठवले आणि फर्मान सोडलं की यापुढे सगळं यातच भरायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं! रुसानाने महिनाभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. पण मग दोल्नी ब्रेस्त गावात वेलिका मावशीने फोनच्या काचेवर दिसणाऱ्या लेकाचा मुका घेतला, आणि ते पाहून ही बाई विरघळली.

तिथून पुढे ती या विद्येच्या मागेच लागली. चार्जर घेऊन गावोगाव फिरली. सत्तरीपुढच्या बायांना तिने व्हिडिओ काढायला शिकवलं, तो व्हायबर ॲपवर गावाच्या ग्रुपमध्ये टाकायला शिकवलं. ‘दोल्नी ब्रेस्तची लेकरं’ नावाचा तो ग्रुप तिच्याच हातचा. त्यात दीडशे माणसं, आणि त्यातली एकशे वीस परदेशात. कुणाची बकरी व्याली, कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचा रक्तदाब वाढलाय, सगळं त्यात. दोन म्हाताऱ्या त्या ग्रुपमुळे वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि वाचल्या, हे खोटं नाही.

त्याच गावची मिग्लेना. तिचा नवरा गालिन मालट्रक चालवायचा. दिसायला देखणा, बोलायला साखर, आणि घरात राक्षस. दोनदा हात मोडला तिचा. तिसऱ्या वेळी आठ वर्षांच्या लेकीसमोर, बिस्त्रासमोर, त्याने तिचं डोकं दारावर आपटलं, तेव्हा मिग्लेनाने या केशरी फोनवर एकच शब्द पाठवला, ‘आज.’ त्याच दिवशी रुसानाने मायलेकींना उचललं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका शहरातल्या आश्रयघरात नेऊन ठेवलं. कोर्टाने गालिनला मायलेकींजवळ फिरकायची बंदी केली. पत्ता तीन माणसांना ठाऊक होता. रुसाना, आश्रयघर चालवणाऱ्या दारिनाबाई आणि एक पोलीस अधिकारी.

पाच महिने सुरळीत गेले. मिग्लेनाला शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं, बिस्त्राला शाळेत मैत्रीण मिळाली. आणि मग मिग्लेनाची आई, गेना आजी, चुलीपाशी बसल्या बसल्या गेली.

मातीला मिग्लेनाला येता आलं नाही. यायचं नाव काढताच दारिनाबाईंनी हात जोडले, कारण गालिन कबरस्तानाच्या फाटकाशी दिवसभर गाडी लावून बसला होता. आमच्याकडे माणूस गेलं की फोटोसकट शोकपत्र छापून घराच्या दारावर डकवतात, आणि खाली दुःख करणाऱ्यांची नावं असतात. मिग्लेनाचं नाव त्यावर घातलं नाही, तेही गालिनच्या धाकाने. मग चाळिसावा, म्हणजे आई गेल्यापासूनचा चाळिसावा दिवस, जवळ आला तशी मिग्लेना फोनवर म्हणाली, “रुसानाताई, मी काही मागितलं नाही आजवर. आईच्या थडग्यावर वाइन ओतताना मला बघू दे. फोनवर बघेन. एवढं कर माझ्यासाठी.”

नियम साफ होता. व्हिडिओ फोन करायचा तर आश्रयघरातल्या पांढऱ्या भिंतीसमोर बसून, पडदा ओढून, आणि या बाजूला दुसरं माणूस नको. रुसानाने दारिनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं, आणि जबाबदारी तुझी. रुसाना हो म्हणाली.

ऑक्टोबरमधला शनिवार होता. सकाळी साडेअकराला कबरीपाशी वेलिका मावशी आणि गावातल्या चार बायका जमल्या. शिजवलेल्या गव्हाचं पातेलं, वर साखर आणि अक्रोड, पाव, वाइनची बाटली, पिवळ्या मेणबत्त्या. फाटकापाशी गालिनची गाडी नव्हती, हे रुसानाने तीनदा पाहून घेतलं. बायकांना दूर पाठवायला हवं होतं. पण चाळिसाव्याला आलेल्या माणसांना कबरीपासून हाकलायचं कसं? आणि या तर साध्या म्हाताऱ्या, यांची कसली भीती? असं म्हणून तिने केशरी फोन उघडला.

मिग्लेना पांढऱ्या भिंतीसमोर बसली होती. मेणबत्ती हातात. वेलिका मावशीने क्रुसापाशी वाइन ओतली, “देव तिला क्षमा करो” म्हणाली, आणि मिग्लेनाचा बांध फुटला. ती रडत उठली. आईसाठी मेणबत्ती आणि पाण्याचा पेला तिला खिडकीत ठेवायचा होता, आणि पेटत्या ज्योतीपाशी पडदा नको म्हणून तिने तो बाजूला सारला. मागे रस्ता दिसला. समोरच्या छपरावर गादीच्या दुकानाची भलीमोठी निळी पाटी, आणि तिच्यामागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं धुराडं. रुसानाला दिसलं. त्याच क्षणी फोन तोडायला हवा होता. पण आईसाठी रडणाऱ्या लेकीचा फोन तोडायला तिचं बोट धजलं नाही. तिने मनात वीस आकडे मोजले, मग म्हणाली, “पडदा ओढ, बाळा,” आणि फोन ठेवला.

फक्त वीस आकडे. वाटेने ती स्वतःची समजूत घालत होती की इथे बघणारं होतं कोण.

गेना आजीच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल लावलं होतं. गव्हाच्या वाट्या फिरल्या. रुसानाने पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात केशरी फोन थरथरला. गावचा ग्रुप. वेलिका मावशीने जर्मनीतल्या लेकासाठी व्हिडिओ टाकला होता, कबरीपाशी वाइन ओततानाचा. तोल सावरत, बाजूने, दोन्ही हातांत फोन धरून, अगदी रुसानाने शिकवला होता तसा. वाइन ओतणारा हात मात्र शेजारणीचा होता, कारण मावशीने बाटली तिच्याकडे देऊन स्वतःचा फोन काढला होता. आणि मधोमध रुसानाच्या हातातला केशरी फोन, त्यात रडणारी मिग्लेना, आणि तिच्यामागे निळी पाटी. स्वच्छ. वाचता येईल इतकी.

ग्रुपमध्ये गालिन होता. त्याला काढायचं तिने दोनदा मनात आणलं होतं. पण काढलं तर त्याला कळेल की गावात मिग्लेनाचं काहीतरी चाललंय, म्हणून तसंच ठेवलं होतं.

व्हिडिओ टाकून चार मिनिटं झाली होती. एकोणीस जणांनी पाहिला होता. त्यात गालिनचं नाव नव्हतं.

ती मावशीकडे वळणार, तोच फाटक वाजलं आणि गालिन आत आला. दाढी केलेली, काळा शर्ट, हातात शेवंतीची जुडी. चाळिसाव्याच्या टेबलावरून कुणालाही उठवत नाहीत, दुश्मनालासुद्धा नाही. बायकांनी माना खाली घातल्या. कुणीतरी त्याच्यासमोर गव्हाची वाटी ठेवली.

“देव सासूबाईंना क्षमा करो,” तो म्हणाला, आणि मग रुसानाकडे बघून हसला. “काय रुसानाताई, बऱ्या आहात ना? माझी माणसं पण बरी असतील, तुमच्या कृपेने.”

“बरी आहेत,” रुसाना म्हणाली. तिने पावाचा तुकडा हातात घट्ट दाबून धरला.

त्याचा फोन टेबलावर होता, उलटा. शर्टाच्या बाहीने तो वाटीची कड पुसत होता. देशातला एकूणएक रस्ता, एकूणएक पाटी या माणसाला तोंडपाठ होती, आणि शहराशहरात त्याच्यासारखेच ट्रकवाले त्याचे दोस्त होते. त्याने ते वीस आकडे पाहिले की दहाव्या मिनिटाला त्या खिडकीखाली कुणीतरी उभं राहू शकलं असतं.

रुसानाने वेलिका मावशीला पाव कापायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात ओढलं. दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं की तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता पुसायचाय, ग्रुपमधून, सगळ्यांसाठी. मावशीला धड कळलं नाही, पण रुसानाचा चेहरा बघून तिने घाईने फोन काढला. पाठवणाऱ्यालाच तो पुसता यायचा. रुसानाने फोन मागितला. पण मावशीने तोवर बोट ठेवलं होतं. दोन ओळी आल्या होत्या, ‘माझ्यासाठी पुसा’ आणि ‘सगळ्यांसाठी पुसा’. मावशीचा चष्मा अंगणात राहिला होता. तिने वरची दाबली.

“गेला बघ,” मावशी म्हणाली. “माझ्याकडे दिसत नाही आता.”

तिच्याकडे दिसत नव्हता. बाकी सगळ्यांकडे होता. आणि आता तो पुसण्याची ओळसुद्धा मावशीच्या फोनवर उरली नव्हती. मावशीला बोल लावावा तर कुठल्या तोंडाने? शिकवणारी कोण होती? पाठवायचं कसं ते शिकवलं, पुसायचं कसं ते कधी शिकवलंच नाही. आणि पाठवण्याआधी त्यात दिसणाऱ्या माणसाला विचारायचं असतं, हे तर तिने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

खिडकीतून गालिन दिसत होता. गहू खात होता. एका हाताने त्याने फोन सुलटा केला.

अजून एक वाट होती, आणि रुसानाच्या मनात ती येऊन गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. काहीच बोलायचं नाही. कदाचित तो व्हिडिओ उघडणारच नाही. कदाचित उघडेल आणि पाटी दिसणार नाही. वीस आकडे कुणाला कळतात? अठ्ठावीस वर्षांची नोकरी, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, आणि एका मेणबत्तीपायी सगळं जायचं? असा विचार तिने केला. किती वेळ केला, ते तिचं तिला ठाऊक. मग ती मागच्या दाराने कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेली आणि केशरी फोनवरून दारिनाबाईंना फोन लावला.

“बाई, खिडकी दिसली. पाटीसकट. व्हिडिओ गावाच्या ग्रुपमध्ये आहे आणि गालिन माझ्यापासून वीस पावलांवर बसलाय. चूक माझी आहे, मी फोन तोडला नाही. दोघींना आत्ता हलवा, संध्याकाळी नाही, आत्ता.”

दारिनाबाई म्हणाल्या, “हे लिहून द्यावं लागेल तुला.”

“देते. आधी हलवा.”

“आणि यापुढे तुला पत्ता कळणार नाही, रुसाना.”

“कळू नये,” ती म्हणाली.

ती अंगणात परतली तेव्हा गालिन उठून उभा होता. वाटीत अर्धा गहू तसाच. फोन कानाला लावून तो फाटकाकडे चालला होता आणि कुणाला तरी विचारत होता की तू तिथून किती लांब आहेस. रुसानाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. टेबलाशी ती बसून राहिली. वेलिका मावशी तिच्या पुढ्यात एकेक जिन्नस आणून ठेवत होती आणि ती सगळं तसंच बाजूला सारत होती. तास गेला. त्या एका तासाने तिला दहा वर्षांनी म्हातारं केलं.

एक वाजून वीस मिनिटांनी दारिनाबाईंचा फोन आला. बिस्त्रा जेवत होती, तिला ताटावरून उठवून नेलं. मायलेकी एका पिशवीनिशी निघून पंचवीस मिनिटं झाली होती, तेव्हा दोन माणसांनी आश्रयघराची बेल वाजवली. गादी पोचवायला आलोय म्हणाले. पोलीस आधीच आत बसले होते. गालिनला पोलिसांनी गावापुढच्या पेट्रोल पंपावर अडवलं.

रुसानाने त्याच रात्री सगळं लिहून काढलं, वीस आकड्यांसकट. तिला लेखी ताकीद मिळाली आणि मिग्लेनाचं प्रकरण तिच्याकडून काढून घेतलं. बिस्त्राची मैत्रीण सुटली, मिग्लेनाचं शिवणाचं काम सुटलं. मिग्लेनाकडून निरोप नाही, शिवी नाही, काही नाही. लोक म्हणाले, अगं वाचवलंस की तू तिला. रुसानाला ते ऐकवत नसे. आग लावायची आपणच आणि विझवल्याचं कौतुकही आपणच घ्यायचं, हे तिच्याच्याने व्हायचं नाही. हिवाळाभर ती पुन्हा अकरा गावं फिरली, पुन्हा चार्जर घेऊन. या वेळी धडा वेगळा होता. पुसायचं कसं, आणि विचारायचं कसं.

गेना आजीला जाऊन सहा महिने झाले, तेव्हा तिचं अर्ध्या वर्षाचं शोकपत्र आलं. छपाईवाल्याकडे त्याचा मजकूर दारिनाबाईंमार्फत पोचला होता. खाली नाव नव्हतं, नुसतं ‘तुझी लेक’ एवढंच. रुसानाने ते बंद घराच्या दारावर डकवलं, चारी कोपरे तळव्याने दाबले. वेलिका मावशी शेजारी उभी होती. सवयीने तिने फोन वर केला, मग थांबली आणि खाली घेतला.

“फोटो काढू का गं? तिला पाठवायला?”

“जिला विचारायचं, मावशी, ती कुठे आहे ते मला ठाऊक नाही,” रुसाना म्हणाली.

मावशीने फोन एप्रनच्या खिशात टाकला. दोघी पुढच्या घरी गेल्या.