दुखतं ते कोणाले सांगायचं

मुलगी गेल्यानंतर काही महिन्यांनी अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला. तिच्यावर उपचार झाले तिथल्याच एक बाई बोलत होत्या. गंभीर आजारी मुलांची देखभाल कशी होते, हे दवाखान्याला तपासायचं होतं. त्यासाठी आईबापांना काही प्रश्न विचारणार होते. मी येते म्हटलं.

आम्ही मूर्तिजापूरला राहतो. मी शाळेत शिकवते, नवरा शेती पाहतो. तो म्हणाला, "कायले बोलावून राहिले आता? तुले जमन का?"

जमेल की नाही, काहीच वाटत नव्हतं. शाळेत जात होते, पोळ्या करत होते. तशीच अकोल्याला गेले.

बाई एकेक प्रश्न विचारत गेल्या. डॉक्टरांनी आजार समजावला का? नर्स नीट वागल्या का? मी प्रत्येकाला हो म्हटलं. ते खरंच होतं. लोक चांगले होते. मग त्यांनी विचारलं, "दुखण्यावर वेळेवर औषध मिळालं?"

इथे मी थांबले.

मुलीला रक्ताचा कॅन्सर होता. डॉक्टर तिच्या पायाशी उभे राहून आम्हाला सगळं सांगायचे. एकदा ती म्हणाली, "डॉक्टर काका, मले सांगा ना. सुई तर मलेच टोचता." ते हसले, तिचा गाल ओढला, शूर आहेस म्हणाले आणि पुन्हा माझ्याशी बोलू लागले. त्यानंतर सिस्टरनी दुखतं का विचारलं की ती नाही म्हणायची. पांघरुणाखाली तिची मूठ आवळलेली असायची. मीच सिस्टरला सांगितलं, तर मुलगी माझ्यावर चिडायची, कारण मग सुई यायची.

"तुमच्याकडे तिला दुखत नव्हतं असंच लिहिलेलं असेल," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण वर्गात धडा वाचावा तसा निघत होता.

पुढच्या महिन्यात बाईंचा पुन्हा फोन आला. आता मुलांनाच विचारायचं ठरलं होतं. तुम्हाला पोरांशी बोलायची सवय आहे, याल का, म्हणाल्या. मी गेले.

तेच डॉक्टर होते. धामणगावकडची एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेला. आई शेजारी बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्या वेदनांची इथे योग्य दखल घेतली जाते का?" मुलीने आईकडे पाहिलं.

मी म्हटलं, "दुखलं तर तू कोणाले सांगतं?"

"कोणालेच नाही."

"काहून?"

"सांगितलं का सुई देतात."

 डॉक्टर स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले. दुखण्यावर गोळीही असते, म्हणाले. कधी सुई लागलीच तर का लागते ते आधी तिलाच सांगू, तोपर्यंत कोणी हात लावणार नाही.

"खरंच?"

"खरंच."

 "मंग आता दुखून राहिलं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवला.

तिची आई रडायला लागली. सिस्टर गोळी घेऊन आली. मुलीने ती स्वतःच्या हाताने घेतली आणि पाणी मागितलं. मलाही रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

जिन्यापर्यंत डॉक्टर माझ्याबरोबर आले. "तुमची मुलगी मला म्हणाली होती, मले सांगा ना," एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मी जिना उतरले.

मूर्तिजापूर स्टेशनवर नवरा गाडी घेऊन उभा होता. "काय झालं?"

"एका पोरीले दुखण्याची गोळी भेटली."

त्याने मान हलवली. "बरं झालं," म्हणाला आणि किक मारली. रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून तो गाडी हळू चालवत होता. घरी जाऊन मी कुकर लावला.