कांद्याच्या टेम्पोतला माणूस

बायको गेल्यापासून मी येळ्ळूरच्या रस्त्यावर एका चिंचेखाली जाऊन बसायचो. एकदा तिथंच ढग गडगडायला लागले. कांद्याचा टेम्पो थांबला आणि ड्रायव्हर ओरडला, "आण्णा, झाडाखाली बसू नगा, आत या!"

"लोखंडात बसून मरू व्हय?" मी म्हणालो. "हितंच मरतो की. बायको गेली, घरात कोण वाट बघतंय?"

"मरा, पण मी पुढं गेल्यावर. न्हायतर पोलीस येईपर्यंत माझा कांदा भिजंल."

शिवी हासडून मी आत चढलो. त्यानं काचा वर घेतल्या, इंजन बंद केलं, हात मांडीवर ठेवले. मलाही दाराला हात लावू दिला नाही. "वीज पडली तरी बाहेरच्या पत्र्यावरनं जमिनीत जाती," म्हणाला. मग सहज विचारलं, "आक्का भ्यायच्या काय विजेला?"

"लई! कोयत्यावर वीज पडंल म्हणून तो अंगणात फेकायची. एकदा शेजारणीची कोंबडीच घावली कोयत्याखाली. मग दोघींचं भांडण विजेपेक्षा मोठं!"

तिच्याबद्दल एवढं मी पोरांशीही बोललो नव्हतो.

पाऊस थांबला, गडगडाट लांब गेला. तरी त्यानं गाडी सुरू केली नाही. माझं सांगणं अजून चालूच होतं.